भिंतीला टेकलेलं छप्पर

मागच्या उन्हाळ्यात घराच्या पुढच्या भिंतीला लागून मी पत्र्याची पडवी काढली. संध्याकाळी वस्तीतली दहा-बारा मुलं माझ्याकडे उर्दू-मराठी वाचायला येतात, त्यांच्यासाठी. कारागिराने पत्र्याची वरची कड सरळ गिलाव्याला भिडवली आणि वरून सिमेंट फासलं. पहिल्याच पावसात तिथे भेग पडली. भिंतीवरून ओघळणारं पाणी सांध्यातून आत आलं, मुलांच्या वह्या भिजल्या.

शेजारचे म्हातारे मिस्त्रीचाचा बघायला आले. म्हणाले, "टीचर, पत्रा उन्हात वाढतो, रात्री आकसतो. सिमेंट त्याला कसं धरणार? भिंतीत आडवी खाच पाडा, तिच्यात वाकवलेली पट्टी बसवा आणि ती पत्र्यावर उतरू द्या. वजन खांबांना द्या. भिंतीला नुसतं टेकायचं."

त्यांचं बोलणं ऐकताना मला भिंतीला टेकलेलं एक फार जुनं छप्पर आठवलं.

हिजरतीनंतर, इ. स. ६२२ मध्ये, मदिन्यात मस्जिद-ए-नबवी उभी राहिली. तिला ना मिनार होता ना घुमट. कच्च्या विटांच्या भिंती, मधे मोकळं अंगण आणि खजुराच्या खोडांचे खांब रोवून वर खजुराच्या फांद्यांचं छप्पर. तेही गळायचं. बुखारी शरीफमध्ये हजरत अबू सईद खुदरी (रजि.) यांची रिवायत आहे. रमजानच्या एका रात्री पाऊस झाला, छप्पर गळलं, पैगंबर साहेबांनी (स.) पाण्या-चिखलातच सजदा केला आणि त्यांच्या कपाळावर चिखलाची खूण दिसली.

सुरुवातीला किब्ला बैतुल मुकद्दसकडे, म्हणजे मदिन्याहून उत्तरेला होता. हिजरी २ मध्ये तो काब्याकडे, दक्षिणेला झाला. नमाजींची तोंडं फिरली आणि उत्तरेकडची सावलीची जागा मागे पडली. आपल्याकडे अशा जागेत काय जातं? जळण, मोडकी खाट, जुनी सायकल. मदिन्यात तिथे ज्यांना घरदार नव्हतं, अशा माणसांना जागा मिळाली. त्या जागेला सुफ्फा म्हणत, आणि तिथल्या लोकांना असहाब-ए-सुफ्फा.

ते तिथेच झोपत, मिळेल ते वाटून खात आणि शिकत. हजरत अबू हुरैरा (रजि.) त्यांच्यातलेच. भुकेने पोटाला दगड बांधणाऱ्या या माणसाकडून पुढे पाच हजारांहून अधिक हदीस आपल्यापर्यंत आल्या.

सुफ्फातल्या लोकांना कुरआन आणि लिहिणं शिकवणाऱ्यांत हजरत उबादा बिन सामित (रजि.) होते. एका शागिर्दाने त्यांना धनुष्य भेट दिलं. घ्यावं की नाही, हे त्यांनी पैगंबर साहेबांना विचारलं, तेव्हा त्यांना कडक शब्दांत मनाई झाली. शिकवण्याचा मोबदला घ्यावा का, यावर पुढे आलिमांमध्ये मतभेद झाले आणि बऱ्याच जणांनी परवानगीही दिली. मी स्वतः पगारी शिक्षिका आहे, त्यामुळे या बाबतीत कुणाला उपदेश करणार नाही. पण माझा भाऊ म्हणाला, "आपा, पडवीचा खर्च निघेपर्यंत मुलांना फी लाव," तेव्हा मला ते धनुष्य आठवलं. ज्यांच्या घरून फी येणं शक्य नाही, नेमकी तीच मुलं माझ्याकडे येतात.

मदिन्याचं छप्परही पुढे बदललं. हजरत उमर (रजि.) यांनी मशीद वाढवली, पण विटा आणि खजुराच्या फांद्या तशाच ठेवल्या. हजरत उस्मान (रजि.) यांनी नक्षीदार दगड लावला आणि छप्पर 'साज' लाकडाचं केलं. हा साज म्हणजे आपला साग. दोन्ही शब्दांचं मूळ एकच, आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून सागवान अरबांच्या बंदरांत जात असे.

आज आपल्या मशिदींना संगमरवर आहे, पंखे आहेत, छतं गळत नाहीत. पण नमाजेच्या वेळा सोडल्या तर कितीतरी ठिकाणी वरांड्याला कुलूप असतं. त्याच मोहल्ल्यात एका खोलीत सहा माणसं राहतात आणि दहावीचं पोर रस्त्यावरच्या दिव्याखाली वाचतं. जमातच्या जबाबदार मंडळींनी असरपासून इशापर्यंत तेवढा वरांडा या मुलांसाठी उघडावा. त्यासाठी नवं बांधकाम लागत नाही, चंदाही लागत नाही.

माझ्या पडवीला चाचांनी स्वतः उभं राहून पट्टी बसवून घेतली. मजुरी विचारली तर म्हणाले, माझ्या नातीला तेवढं वाचायला शिकवा. ती आता रोज येते.