कोष्टकात नसलेला रकाना

विलियम फार या इंग्रज आकडेशास्त्रज्ञाने १८५८ साली फ्रान्समधील मृत्यूंचा हिशेब मांडला. विवाहितांचे मृत्युमान एकंदरीत अविवाहितांहून कमी निघाले, विधुर-विधवांचे फार मोठे. मात्र विशीच्या आत लग्न झालेले विवाहितही लवकर मरत! म्हणजे नुसत्या लग्नगाठीत संजीवनी नव्हती.

पन्नाशीत पत्नी गेली, तेव्हा मला हे कोष्टक उमगले. जेवणाच्या वेळा टळू लागल्या, फिरणे सुटले, विड्या वाढल्या. टोकणारे घरात कोणी उरले नाही. पुढे धाकटी बहीण राहायला आली. “दादा, आता पुरे!” म्हणत तिने बंडल उचलले आणि फिरायची काठी हाती दिली.

फारसाहेबांच्या कोष्टकात बहिणीचा रकाना नाही. यंदा भाऊबीजेला ओवाळणी मात्र दुप्पट घालणार आहे.