स्वावलंबन आणि स्वास्थ्य : सोलापूरची विडी कामगार स्त्री

स्वावलंबनाने माणूस सुखी होतो का, हे त्या समाजात स्वावलंबन कशाला म्हणतात यावर ठरते. मराठीत ‘स्वतःच्या पायावर उभे राहणे’ आणि ‘वेगळी चूल मांडणे’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीचे कौतुक होते, दुसरीला भांडणाचा वास येतो. हेझल मार्कस आणि शिनोबू कितायामा या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये स्वतंत्र आणि परस्परावलंबी ‘स्व’ असा भेद मांडला. पूर्वेकडच्या माणसाला मोकळीक कमी लागते, असा सोयीचा अर्थ पुष्कळांनी त्यातून काढला. तो टिकत नाही. चिरकॉव्ह, रायन आदींच्या २००३ मधील अभ्यासात दक्षिण कोरिया, तुर्कस्तान, रशिया आणि अमेरिका या चारही देशांत, आपले वागणे स्वतःला पटलेले असणे स्वास्थ्याशी निगडित आढळले. पटण्यासाठी घरापासून तुटावे लागत नाही.

सोलापूरच्या पूर्व भागात, मुख्यतः तेलुगुभाषक पद्मशाली वस्तीत, हा भेद विडीच्या सुपाभोवती दिसतो. बाई कारखान्यातून पाने आणि तंबाखू आणते, घरी विड्या वळते, मोजून परत देते. कमाई तिची, पण ‘ती घरीच तर असते’ म्हणून ते काम कामात धरले जात नाही, आणि तंबाखूची धूळ सगळ्या घराला मिळते. म्हणजे नुसत्या मिळकतीने तिच्या शब्दाला वजन येत नाही. १९६६ च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याने घरी विड्या वळणारीलाही कामगार मानले. पुढे कामगार नेते नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालील लढ्यातून सोलापूरजवळच्या कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरे देण्यात आली. बायका तेथे कुटुंबासह गेल्या. त्यांना हवा होता घरातला अधिकार. घर सोडण्याचा प्रश्न नव्हता.

यावर आक्षेप असा की, दबलेली बाई थोडक्यातही समाधान मानते. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी हा धोका दाखवला आहेच. आक्षेप खरा आहे. म्हणून ‘सुखी आहेस का’ एवढे विचारून भागत नाही, तिला नाही म्हणता येते का हे पाहावे लागते. मात्र घरासाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढणाऱ्या बायकांना निमूट म्हणणे धाडसाचे ठरेल. हे तर संघटनेचे यश, व्यक्तीचे नव्हे, असेही म्हटले जाते. पण एकटीने जे मिळाले नसते ते जमावाने मिळवणे, हीच येथील स्वावलंबनाची रीत आहे. याच रीतीने पुढे कुंभारीजवळच असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचे रे नगर योजले गेले. त्यांपैकी पंधरा हजार घरांचे लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी झाले.