खानदेशातील जनगणना आणि पूर्वजांच्या जन्मगावाचा शोध

इंग्लंडमध्ये 1851 पासून जनगणनेत प्रत्येकाचे जन्मगाव नोंदले जाऊ लागले आणि शंभर वर्षांनंतर ही पत्रके खुली होत असल्याने तेथील कुटुंबांना पूर्वजांचा माग त्यांतून काढता येतो. भारतात 1881 च्या, देशभर एकाच वेळी घेतलेल्या पहिल्या जनगणनेत जन्मस्थळ विचारले गेले खरे. परंतु त्या काळची नावनिशीवार पत्रके आकडेमोड झाल्यावर जतन केली जात नसत, त्यामुळे अभ्यासकाच्या हाती छापील अहवालांतील जिल्हावार तक्तेच येतात. 1948 च्या जनगणना कायद्यानेही व्यक्तिगत नोंदी गोपनीय ठरवल्या आहेत.

हे तक्ते वाचताना जिल्ह्यांच्या सीमा ध्यानात ठेवाव्या लागतात. 1906 मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. त्यामुळे पश्चिम खानदेशातील धुळ्यात जन्मून पूर्व खानदेशातील बोदवडला स्थायिक झालेला माणूस 1901 मध्ये स्वजिल्ह्यातलाच, तर 1911 मध्ये परजिल्ह्यातला ठरला. बोदवडला जवळचे मलकापूर तर वऱ्हाडात, म्हणजे वेगळ्या प्रांतात असल्याने तिथून आलेली सून परप्रांतीयांत मोजली गेली. शिवाय पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या रूढीमुळे मुलाचे जन्मस्थळ आजोळचे आणि घराणे मात्र बोदवडचे, असेही घडे.

म्हणून नावानिशी शोध गावच्या दप्तरातच घ्यावा लागतो. कोतवाल बुक म्हणजे गावातील जन्म-मृत्यूची नोंदवही. तीत तारीख, वडिलांचे नाव आणि जात सापडते, जुन्या नोंदी मात्र बहुधा मोडी लिपीत असतात. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जन्मस्थळाचा स्वतंत्र रकाना असतो, तर जमिनीच्या हक्कनोंदींतील वारसांच्या फेरफारांवरून पिढ्या जुळवता येतात. त्र्यंबकेश्वर आणि नाशिक येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमानाचे मूळ गाव आणि कुळातील माणसांची नावे लिहिलेली असतात. बोदवड तालुका अलीकडे स्थापन झालेला असल्याने जुने सरकारी दप्तर पूर्वीच्या तालुक्याच्या अभिलेख कक्षातही पाहावे, आणि आईचे माहेर ठाऊक असल्यास त्या गावची नोंदवही अवश्य तपासावी.

या वह्यांचे कागद जीर्ण होत आहेत आणि मोडी वाचणारे मोजकेच उरले आहेत. ग्रामपंचायती, शाळा आणि जाणकार कुटुंबांनी त्यांच्या प्रती आणि लिप्यंतरे आताच करून ठेवावीत.