ऑगस्ट १९१४ मधील चलनसंकट आणि परदेशस्थ प्रवासी

पहिल्या महायुद्धाच्या आरंभीच्या आर्थिक अरिष्टाचा विचार सामान्यतः लंडनचा हुंडीबाजार व मध्यवर्ती बँकांचे सुवर्णसाठे यांच्या अनुरोधाने केला जातो. त्या वेळी परदेशात अडकलेल्या प्रवाशांची स्थिती हा त्यातील गौण भाग मानला जातो. वस्तुतः पतव्यवस्था नेमकी कोठे व कशी खुंटली, हे या प्रवाशांच्या अडचणींवरून अधिक स्पष्ट होते.

१९१४ च्या उन्हाळ्यात युरोपात एक लाखाहून अधिक अमेरिकन प्रवासी असावेत, असा अंदाज आहे. त्यांतील पुष्कळजण सुस्थितीतील होते. सोने जवळ बाळगण्याऐवजी ते बँकांची पतपत्रे किंवा १८९१ पासून प्रचारात आलेले प्रवासी चेक घेऊन निघत. तत्त्वतः हे कागद दर्शनी हुंडीच्याच जातीचे होत. दूरच्या पेढीने हुंडी सकारली तरच तिला मोल. पॅरिस अथवा लंडन येथील बँकेने रोख रक्कम द्यावयाची व ती पुढे न्यूयॉर्ककडून वसूल करावयाची, असा हा क्रम होता.

जुलैअखेर हा क्रम तुटला. ३१ जुलै रोजी लंडन व न्यूयॉर्क येथील शेअरबाजार बंद झाले. दुसऱ्याच दिवशी बँक ऑफ इंग्लंडचा व्याजदर १० टक्क्यांवर गेला. न्यूयॉर्कमध्ये स्टर्लिंगची मागणी इतकी वाढली की, पौंडाचा भाव ४ डॉलर ८६ सेंट या समदराच्या पुष्कळ वर चढला. अमेरिकन पत्रावर दिलेली रक्कम कोणत्या दराने व केव्हा परत येईल, हे सांगता येईनासे झाल्यावर बँका ती पत्रे वटविण्यास कचरू लागल्या.

इंग्लंडमध्ये याला सुट्या चलनाच्या टंचाईची जोड मिळाली. बँक ऑफ इंग्लंड ५ पौंडांहून लहान नोट काढीत नसे. नित्याचे व्यवहार सोन्याच्या सॉव्हरिन व अर्धसॉव्हरिन नाण्यांनी होत. बँका सोने हातचे न सोडता ५ पौंडांच्या नोटा देऊ लागल्या आणि त्या मोडून मिळणे दुरापास्त झाले. ३ ऑगस्टची नेहमीची बँक-सुटी ६ ऑगस्टपर्यंत वाढविण्यात आली.

पैशाचे वहन ज्या तारा, टपाल व जहाजे यांवर अवलंबून होते, त्यांवरच माणसांचे दळणवळणही अवलंबून होते. गोपाळ कृष्ण गोखले प्रकृतीच्या कारणाने पॅरिसला गेले असता तेथेच अडकून पडले. त्यांच्या भेटीसाठी दक्षिण आफ्रिकेहून निघालेले गांधीजी ६ ऑगस्टला लंडनला पोचले. पॅरिसशी दळणवळण तुटल्याने गोखले केव्हा परततील हे समजण्यास मार्ग नव्हता, असे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखल्यांचे निधन झाले, हे ध्यानी घेता त्या खोळंब्याची किंमत कळून येते.

संकटनिवारणाचे उपाय दोन प्रकारचे होते. अमेरिकन काँग्रेसने २५ लाख डॉलर मंजूर केले आणि ६ ऑगस्टला ‘टेनेसी’ ही युद्धनौका सोने घेऊन निघाली. परंतु ती इंग्लंडला पोचेपर्यंत ऑगस्टचा मध्य उजाडला. तत्पूर्वीच ७ ऑगस्टला बँका उघडल्या होत्या व ब्रिटिश कोषागाराने टपालतिकिटांच्या कागदावर घाईने छापलेली १ पौंडाची नोट प्रसृत केली होती. १० शिलिंगांची नोट १४ ऑगस्टला निघाली. पोस्टल ऑर्डरींनाही तात्पुरती कायदेशीर चलनाची मान्यता मिळाली. याच सुमारास लंडनमधील अमेरिकन रहिवाशांनी हर्बर्ट हूवर या खाण-अभियंत्याच्या पुढाकाराने समिती स्थापून अडलेल्या देशबांधवांना बहुधा त्यांच्या शब्दावरच उसनी रक्कम दिली. हेच हूवर पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले.

सोने समुद्रमार्गे येत असताना व्यवहार सुरू झाला तो कागदावर व शब्दावर, ही बाब लक्षणीय आहे. प्रवासी निर्धन नव्हते. त्यांचे धन आणि त्यांची नड यांमधील विश्वासाचा दुवा तेवढा निखळला होता. तो पुन्हा जोडण्याचे काम राष्ट्राच्या पातळीवर शासनाच्या हमीने केले, तर परक्या शहरात ते ओळखीच्या समाजाने केले. सुवर्णमान ऐन भरात असतानाही चलनाचा खरा आधार सोने नसून पत हाच होता, याचा याहून स्पष्ट पुरावा क्वचितच सापडेल.