मूत्रातील साक्ष

रोग ओळखण्यासाठी मूत्र पाहण्याची चाल आपल्या वैद्यकात फार जुनी आहे. मधुमेही माणसाच्या मूत्राकडे मुंग्या धावतात, हे प्राचीन वैद्यांनी हेरले होते. पुढे ‘योगरत्नाकरा’त तैलबिंदुपरीक्षा आली. मूत्रात टाकलेला तेलाचा थेंब कसा पसरतो, यावरून रोग साध्य की असाध्य हे ठरवीत. या जुन्या परीक्षेचा आधुनिक अवतार किती सूक्ष्म झाला आहे, हे अधिवृक्क ग्रंथींच्या गाठींच्या इतिहासावरून दिसते.

दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर या लहानशा ग्रंथी असतात. त्यांच्या गाभ्यातून ॲड्रेनालिन व नॉरॲड्रेनालिन, तर बाहेरच्या थरातून कॉर्टिसॉल, अल्डोस्टेरॉन इत्यादी संप्रेरके स्रवतात. येथे गाठ झाली, तर एखादे संप्रेरक बेसुमार वाढू शकते. मात्र शरीरात नेमके काय बिघडले, हे बाहेरून कळत नाही.

१८८६ साली जर्मनीतील फ्रायबुर्ग येथील फेलिक्स फ्रेंकेल यांनी एका १८ वर्षांच्या मुलीची हकीगत प्रसिद्ध केली. छातीत धडधड, भीती, डोकेदुखी, थंड घाम यांचे झटके येऊन ती दगावली. दोन्ही बाजूंच्या गाठी दिसल्या त्या शवविच्छेदनात. अशा गाठीस ‘फिओक्रोमोसायटोमा’ हे नाव लुडविग पिक यांनी १९१२ मध्ये दिले. १९२६ मध्ये लोझान येथे सेझार रू यांनी आणि अमेरिकेतील रॉचेस्टर येथे चार्ल्स मेयो यांनी अशा गाठी यशस्वीपणे काढल्या. परंतु पोट उघडेपर्यंत त्या कसल्या आहेत, याची कल्पना दोघांनाही नव्हती.

निदान आधी कसे करावे? १९४५ मध्ये हिस्टामिन टोचून मुद्दाम झटका आणण्याची चाचणी पुढे आली. रक्तदाब भडकला तर गाठ समजायची! परीक्षाच जिवावर बेतण्याचे भय होते. ही कोंडी मूत्राने फोडली. स्वीडनचे उल्फ फॉन ऑयलर यांनी नॉरॲड्रेनालिन हा मज्जातंतूंचा संदेशवाहक असल्याचे १९४६ मध्ये दाखविले होते. १९५० मध्ये एंगेल व फॉन ऑयलर यांनी या रुग्णांच्या मूत्रात ही द्रव्ये वाढलेली असतात, हे निदानाच्या दृष्टीने मांडले. सुई टोचून झटका आणण्याची गरज उरली नाही.

१९५७ मध्ये या द्रव्यांच्या विघटनातून उरणारे व्हॅनिलिल मँडेलिक आम्ल मूत्रात सापडले. त्याच्या आरंभीच्या चाचण्यांत केळी, कॉफी, व्हॅनिला यांनी घोटाळा होई, म्हणून रुग्णास पथ्य पाळावे लागे. त्याच सुमारास ज्यूलियस ॲक्सेलरॉड यांनी मेटानेफ्रिन या द्रव्यांचा मार्ग उलगडला. १९७० च्या नोबेल पारितोषिकात ॲक्सेलरॉड व फॉन ऑयलर दोघेही वाटेकरी होते. गाठ मेटानेफ्रिन सतत बनवीत राहते, झटका येवो वा न येवो. म्हणून आज रक्तातील अथवा चोवीस तासांच्या मूत्रातील मेटानेफ्रिनची तपासणी प्रथम करतात.

आता प्रश्न निराळा आहे. दुसऱ्याच कारणासाठी सीटी स्कॅन करावा आणि अधिवृक्कात गाठ दिसावी, हे उतारवयात विरळ राहिलेले नाही. बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात, पण क्वचित एखादी कर्करोगाची निघते. सर्वांवर शस्त्रक्रिया करावी, तर अनेकांना व्यर्थ क्लेश. न करावी, तर एखाद्याचा जीव धोक्यात. कर्करोगाच्या गाठी पुष्कळदा अर्धवट घडलेली स्टेरॉइड द्रव्ये सोडतात आणि ती मूत्रात उतरतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुराष्ट्रीय अभ्यासात दोन हजारांहून अधिक रुग्ण होते. त्यांपैकी सुमारे ५ टक्क्यांना ग्रंथीचा कर्करोग होता. गाठीचा आकार, स्कॅनमधील घनता आणि मूत्रातील स्टेरॉइडांचा आराखडा, या तिन्हींच्या मेळाने कर्करोग नाही हे जवळजवळ खात्रीने सांगता आले. ही तपासणी अद्याप मोजक्याच प्रयोगशाळांत होते.

एवढ्या विद्येचा आधार मात्र एका साध्या बाटलीवर आहे. आमच्या परिचयातील एका वृद्ध गृहस्थांनी संकोचापोटी एका वेळची लघवी बाटलीत धरली नाही आणि तसे सांगितलेही नाही. आकडे जुळेनात, तेव्हा सारे पुन्हा करावे लागले. आमच्या पिढीला या विषयाची लाज वाटते, हे आम्ही जाणतो. परंतु फ्रायबुर्गच्या त्या मुलीसाठी ही बाटली कोणी पुढे करू शकला नव्हता. आपल्यापुढे ती आली, तर संकोच बाजूला ठेवून पूर्ण चोवीस तास भरावी, एवढेच आमचे सांगणे.