क्वेबेकमधील भाषासंरक्षण व धर्मचिन्हबंदी
कॅनडातील फ्रेंचबहुल क्वेबेक प्रांताचे भाषाविषयक व धर्मनिरपेक्षताविषयक कायदे आणि त्यांभोवतीचे राजकारण. इंग्रजीबहुल उत्तर अमेरिकेत आपण अल्पसंख्य आहोत, ही फ्रेंच भाषकांची भावना त्यामागे आहे. १९६० च्या दशकातील ‘शांत क्रांती’त शिक्षण व आरोग्यसेवा कॅथलिक चर्चकडून शासनाकडे आल्या आणि अस्मितेचा आधार धर्माऐवजी भाषा बनली.

रने लेव्हेक यांच्या प्रांतिक सरकारने १९७७ मध्ये फ्रेंच भाषेची सनद (विधेयक १०१) संमत केली. तिने फ्रेंचला शासन, उद्योग व फलकांची भाषा ठरवले आणि स्थलांतरितांच्या मुलांना सर्वसाधारणपणे फ्रेंच शाळा सक्तीच्या केल्या. केवळ फ्रेंच फलकांची सक्ती सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये अवैध ठरवली. १९९३ पासून व्यापारी फलकांवर इतर भाषा चालतात, मात्र फ्रेंच मजकूर ठळकपणे वरचढ असावा लागतो. २०२२ च्या विधेयक ९६ ने ही सनद आणखी कडक केली.

२०१९ च्या विधेयक २१ नुसार सरकारी शाळांतील शिक्षक, पोलीस, सरकारी वकील आदींना कामावर असताना पगडी, हिजाब, किप्पा, क्रूस यांसारखी धर्मचिन्हे वापरता येत नाहीत. आधीपासून सेवेत असलेल्यांना त्याच पदावर असेपर्यंत सूट आहे. विधिमंडळात अध्यक्षांच्या आसनामागे १९३६ मध्ये लावलेला क्रूसही २०१९ मध्येच हलवण्यात आला. बंदीची सर्वाधिक झळ मुस्लिम शिक्षिकांना बसते, अशी टीका होते. मूलभूत हक्कांवर मात करणारे राज्यघटनेतील कलम ३३ वापरून हा कायदा संरक्षित केला असून त्या तरतुदीची मुदत दर पाच वर्षांनी वाढवावी लागते.