पाककृतींची पुस्तके वाचणारे तरुण

वजन उतरवण्यासाठी खाणे कमी केले, की काही दिवसांतच डोक्यात सतत खाण्याचे विचार घोळू लागतात. एरवी ज्या पदार्थाकडे आपण ढुंकूनही पाहत नाही, तोसुद्धा हवाहवासा वाटतो. असे का होते? ‘मनावर ताबा नाही’ असे उत्तर आपण चटकन देऊन टाकतो. ते कितपत खरे आहे, हे पाहण्यासाठी आपण एका जुन्या प्रयोगाकडे वळू या.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात युरोपात असंख्य लोकांची उपासमार होत होती. त्यांना पुन्हा सुदृढ करण्यासाठी काय आणि किती खाऊ घालावे, याची शास्त्रीय माहिती फारच थोडी होती. ती मिळवण्यासाठी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी नोव्हेंबर १९४४ मध्ये एक प्रयोग सुरू केला. युद्धात शस्त्र धरायला तत्त्व म्हणून नकार देणारे ३६ निरोगी तरुण त्यासाठी आपणहून पुढे आले. म्हणजे निर्धाराच्या बाबतीत ही मंडळी कच्ची नव्हती.

पहिले १२ आठवडे त्यांना रोज सुमारे ३,२०० किलोकॅलरी आहार मिळे. फेब्रुवारी १९४५ पासून २४ आठवडे तो निम्म्यावर, म्हणजे १,५७० किलोकॅलरींच्या आसपास आणला गेला. ताटात मुख्यतः बटाटे, सलगम, ब्रेड आणि मॅकरोनी असे. शिवाय आठवड्याला ३५ किलोमीटर चालायचे. अखेरीस त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले.

वजन घटणार हे ठाऊकच होते. लक्षणीय होते ते मनातील बदल. हे तरुण पाककृतींची पुस्तके वाचू लागले. एकाने तर शंभराच्या आसपास पुस्तके जमवली. गप्पांचा विषय खाणे, स्वप्नांचा विषयही खाणे. जेवण पुरवून पुरवून खाता यावे म्हणून काही जण अन्नात पाणी मिसळत. मिठाचा आणि मसाल्यांचा वापर वाढला. ताटल्या चाटूनपुसून साफ होत. कॉफीवर दिवसाला ९ कपांची मर्यादा घालावी लागली. च्युइंगमची तर एकाने दिवसाला ४० पाकिटे संपवली! जोडीला चिडचिड, उदासी आणि एकलकोंडेपणा आलाच.

जुलैच्या अखेरीस आहार वाढवण्यास सुरुवात झाली. पण भूक लगेच शमली नाही. पोट भरले तरी काहींना भूक जाणवत राही. पूर्ववत व्हायला अनेकांना कित्येक महिने लागले. १९५० मध्ये या साऱ्या नोंदी दोन खंडांत प्रसिद्ध झाल्या.

यामागची यंत्रणा पुढे उलगडू लागली. चरबीच्या पेशींतून स्रवणारे लेप्टिन हे संप्रेरक १९९४ मध्ये सापडले. चरबी घटली की ते कमी होते, आणि साठा आटल्याची वर्दी मेंदूला मिळते. भूक चेतवणारे घ्रेलिन १९९९ मध्ये सापडले. आहार कमी करून वजन उतरवलेल्या माणसांच्या रक्तात ते वाढलेले असते, असे २००२ मध्ये दिसून आले.

मिनेसोटाचे तरुण मुळात सडपातळ होते. त्यामुळे त्यांचे अनुभव लठ्ठ व्यक्तीला जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. पण एक गोष्ट स्पष्ट आहे: अन्न तोडले की शरीर आपली मागणी मनामार्फत नोंदवते. त्यात चारित्र्याचा दोष शोधण्याचे कारण नाही.

आम्हाला हे शिक्षकांसाठी विशेष महत्त्वाचे वाटते. बारीक होण्याच्या नादात जेवण तोडणारी मुले-मुली आपल्या वर्गातही असतात. त्यांचे अभ्यासात लक्ष लागत नसेल, ती चिडचिडी झाली असतील, तर रागावण्याआधी एक साधा प्रश्न जरूर विचारावा: ‘आज सकाळपासून काय खाल्लेस?’